वर्कशॉपशेजारचा वर्ग बंद करू नका

प्रति,
कम्युनिटी कॉलेजांच्या अभ्यासमंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

अभ्यासक्रमाची फेररचना निघाली की एक प्रस्ताव हमखास पुढे येतो. व्यावसायिक कोर्समधले भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र हे विषय कमी करा आणि तो वेळ वर्कशॉपला द्या. मुलांना लवकर नोकरी हवी असते, कंपन्यांना पहिल्या दिवसापासून हात चालणारी माणसे हवी असतात, आणि ज्याला वेल्डर व्हायचे आहे त्याला निबंध कशाला, असा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारतेच. मी याच मुलांना गणित आणि भाषा शिकवते. कात्री लागणार ती माझ्याच तासांना, त्यामुळे माझ्या बोलण्याकडे तुम्ही थोड्या संशयाने पाहिलेत तरी माझी तक्रार नाही. पण म्हणणे ऐकून घ्या. हे तास कमी करू नयेत असे मला मनापासून वाटते, आणि आज ते जसे घेतले जातात तसे चालू ठेवू नयेत असेही तितक्याच मनापासून वाटते.

इलेक्ट्रिकलच्या मुलांचे एक रोजचे काम घेऊ. वितरण पेटीपासून 50 मीटरवर पंप बसवायचा आहे. 230 व्होल्ट, सिंगल फेज, करंट 20 अँपिअर. हाताशी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पडलेली आहे. ती ओढायची का? ज्याचा हात चांगला आहे तो मुलगा केबल सुरेख ओढेल, ग्लँड कसेल, लग नीट दाबेल, आणि पंप सुरूही होईल. प्रॅक्टिकलला त्याला पैकीच्या पैकी गुण पडतील. आता हिशेब करू. या केबलचा रोध किलोमीटरला साधारण 7.4 ओहम असतो. जाण्यायेण्याचे मिळून अंतर 100 मीटर, म्हणजे 0.74 ओहम. त्याला 20 ने गुणले की जवळजवळ 15 व्होल्ट वाटेतच गेले. 230 च्या ते सुमारे साडेसहा टक्के होतात, आणि अशा जोडणीत साधारणपणे 5 टक्क्यांच्या वर जाऊ नये असे मानतात. शिवाय 20 चा वर्ग गुणिले 0.74, म्हणजे पंप चालेल तितका वेळ 300 वॉटच्या आसपास उष्णता नुसती केबल तापवण्यात जाणार. हीच केबल 4 चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट 4 टक्क्यांवर येते.

यात गणित किती आहे? एकक बदलणे, गुणाकार, वर्ग, टक्केवारी. शाळेत झालेलेच सगळे. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. केबल हातात घेतल्यावर ‘थांब, आधी हिशेब कर’ असे आतून वाटावे लागते, आणि ते वाटण्यासाठी गणित परीक्षेच्या वहीतून बाहेर येऊन त्या केबलपाशी पोचलेले असावे लागते. पुढची पायरी याहून अवघड आहे. जाड केबल महाग पडते. पंपाचा मालक विचारणार, याहून स्वस्तात होत नाही का? त्याला ओहम आणि अँपिअर न उच्चारता, दोन-तीन वाक्यांत, त्याचा अपमान न करता पटवायचे आहे की पातळ केबलने पंपाला विजेचा पुरेसा दाब मिळणार नाही, मोटर जास्त तापेल आणि विजेचे बिलही वाढेल. हे भाषेचे काम झाले. ते ज्याला जमत नाही तो मालकाच्या दडपणाखाली पातळ केबल ओढून मोकळा होतो, आणि वर्षभराने मोटर जळाली की बोल त्यालाच लागतो.

म्हणून ‘कौशल्याचा तास’ आणि ‘जनरलचा तास’ ही वाटणी वेळापत्रकापुरती ठीक आहे, कामात ती तशी राहत नाही.

हा वाद आजचा नाही. अमेरिकेत 1901 साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात पहिले सरकारी ज्युनिअर कॉलेज, म्हणजे आजच्या कम्युनिटी कॉलेजचे पूर्वरूप, निघाले तेव्हा त्यात सहा विद्यार्थी होते आणि शिकवले जायचे ते पुढे विद्यापीठात जाण्यासाठीचे सामान्य विषय. हातांचे शिक्षण त्या घरात नंतर आले. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने तिथे व्यावसायिक शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला, पण त्या पैशाबरोबर वेगळी मंडळे आली, वेगळे हिशेब आले, आणि शाळेच्या एकाच इमारतीत दोन प्रकारची मुले तयार होऊ लागली. तिथले शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी त्याच सुमारास या फाळणीला कडाडून विरोध केला होता. मालकाला लागेल तेवढेच कामगाराला शिकवायचे, हे लोकशाहीला परवडणारे नाही असे त्यांचे म्हणणे होते. पुढे 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला, त्याने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले आणि या कॉलेजांनी रोजगाराचे शिक्षण व सामान्य शिक्षण एकत्र द्यावे अशी शिफारस केली. म्हणजे ज्या संस्थेच्या नावाने तुमचे मंडळ चालते, तिच्या कल्पनेतच हे दोन्ही आहे.

आपल्याकडे तर त्याआधी कितीतरी वर्षे ही गोष्ट सांगून झाली होती. 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शेतकऱ्याच्या मुलाला फक्त शेती शिकवा असे त्यांनी म्हटले नाही, आणि फक्त व्याकरण शिकवा असेही म्हटले नाही. व्यवहारात अक्षर न येणाऱ्याची फसवणूक कशी होते हे त्यांनी जवळून पाहिले होते. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेली नयी तालीम उलट टोकाकडून निघाली, हस्तोद्योगातून इतर विषयांकडे. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात.

आजचे नियमही तेच सांगतात, फक्त ते आकड्यांत सांगतात. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये बी. व्होक. ही व्यावसायिक पदवी आणली तेव्हा 60 टक्के कौशल्याचा भाग आणि 40 टक्के सामान्य शिक्षण असे प्रमाण ठरवले. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे वजन मोजण्याचे एकक; तेव्हाच्या एका वर्षाच्या 60 क्रेडिटमध्ये 36 आणि 24. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देणारी संस्था असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीसाठी किमान 60 सेमिस्टर क्रेडिट मागते आणि त्यांतले किमान 15 सामान्य शिक्षणाचे हवेत असे म्हणते. मानव्यविद्या किंवा कला, सामाजिक शास्त्रे, आणि विज्ञान किंवा गणित, या तिन्हींतला निदान एकेक कोर्स त्यात असावा लागतो. प्रमाण कोणाचे बरोबर यावर बैठकीत तासन्‌तास घालवता येतील. माझा अनुभव असा की 15 क्रेडिटही भरपूर होतात आणि 24 सुद्धा वाया जातात.

ते वाया कसे जातात हे स्पष्ट लिहायला हवे, कारण या बाबतीत मुलांची आणि वर्कशॉपच्या शिक्षकांची तक्रार खरी आहे. सकाळी चार तास यंत्रावर उभे राहून थकलेल्या मुलांना दुपारच्या शेवटच्या तासाला ‘संवाद कौशल्य’ या नावाखाली संवादाचे प्रकार, संवादातील अडथळे, देहबोलीचे महत्त्व यांची टिपणे उतरवून दिली जातात. संवाद कोणाशी, कशासाठी, हे कुठेच नसते. वर्षभर एकही मूल उठून कोणाला काही समजावून सांगत नाही. गणिताच्या नावाखाली मॅट्रिक्स येतात, त्यांच्या ट्रेडशी संबंध नसलेले, कारण कुठल्यातरी पदवीच्या अभ्यासक्रमातून तो भाग उचललेला असतो. शिकवणारी व्यक्ती बहुधा तासिका तत्त्वावर असते, दर सेमिस्टरला बदलते, आणि तिने वर्कशॉपचे दार आतून पाहिलेलेच नसते. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची. असा तास मुले बुडवतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. पण रोग तासात आहे, तासाच्या संख्येत नाही, आणि संख्या कमी करून तो बरा होणार नाही. उरलेले तासही तसेच जातील.

मग काय करता येते, ते मी पाहिलेल्या एका प्रसंगातून सांगते. वेल्डिंगच्या बॅचला सर नेहमी बजावत की 7018 या प्रकारचा वेल्डिंगचा रॉड डबा फोडल्यावर उघड्यावर ठेवायचा नाही, ओव्हनमध्ये गरम ठेवायचा. मुले ऐकत आणि विसरत. नियम म्हणजे सरांची शिस्त, एवढाच त्याचा अर्थ त्यांच्या लेखी होता. विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम एकदा वर्कशॉपमध्येच वर्ग घ्यायला आल्या. त्यांनी रॉडच्या वेष्टनापासून सुरुवात केली. वेष्टन हवेतली ओल शोषते. ओल म्हणजे पाणी, पाण्यात हायड्रोजन. आर्कच्या उष्णतेत तो मोकळा होतो आणि वितळलेल्या धातूत शिरतो. धातू थंड झाला की त्याला आत जागा उरत नाही, तो एखाद्या कठीण, ताणलेल्या जागी गोळा होतो, आणि तिथे तडा जातो. लगेच नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी. वरून वेल्ड देखणा, ग्राइंडरने घासून चकचकीत केलेला, आणि आत भेग. मुले गप्प झाली. मग एकाने विचारले, ‘मग मॅडम, पावसाळ्यात जास्त होत असेल?’ दुसऱ्याने विचारले की जाड प्लेट आधी तापवून का घ्यायला सांगतात, त्याचाही याच्याशीच संबंध का. आहेच, प्लेट सावकाश थंड झाली की हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो. त्या दिवसापासून ओव्हनचे झाकण कोणी उघडे टाकलेले मला आठवत नाही. वेल्डिंगचे सर त्या तासाला मागे उभे होते. ज्या गोष्टी मुलांना तोंडी सांगून सांगून ते थकले होते, त्या मुलांच्या तोंडून प्रश्न होऊन येताना त्यांनी ऐकल्या.

असे प्रसंग योगायोगाने घडतात, कारण ते घडवण्याची सोय तुमच्या अभ्यासक्रमात नाही. दोन शिक्षक एका वेळी एका वर्गात उभे राहिले तर एकाचा तास कार्यभारात धरला जात नाही. कार्यालयाच्या लेखी एका तासाला एक शिक्षक. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2004 च्या सुमारास हीच अडचण सोडवली. आय-बेस्ट नावाच्या त्यांच्या कार्यक्रमात वाचन-लेखन-गणित शिकवणारा शिक्षक आणि ट्रेडचा शिक्षक निदान निम्मा वेळ एकत्र वर्ग घेतात, आणि दोघांनाही त्याचा मोबदला मिळतो. ज्यांचे वाचन किंवा इंग्रजी कच्चे आहे त्यांना आधी ते पक्के करा, मग ट्रेडला या, असे तिथे सांगत नाहीत. दोन्ही बरोबरच सुरू होते. पुढे झालेल्या अभ्यासात असे दिसले की या विद्यार्थ्यांना कॉलेजचे क्रेडिट आणि प्रमाणपत्रे मिळवण्यात तशाच इतर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त यश आले. खर्च जास्त येतो हे खरे आहे, दोन पगार लागतात. पण सर्वच तासांना दोन शिक्षक हवेत असे कोणी म्हणत नाही. आठवड्यातला एक तास तसा द्या.

दुसरी गोष्ट परीक्षेची, आणि हिला तर पैसाही लागत नाही. रेफ्रिजरेशनच्या मुलांची भाषेची परीक्षा घ्यायची तर त्यांना एसी दुरुस्तीचा सर्व्हिस रिपोर्ट लिहायला द्या. आत्ता बाजारात जे रिपोर्ट दिसतात त्यात ‘गॅस भरला, चालू केले’ एवढेच असते. महिन्याभरात गॅस पुन्हा गेला की दुसरा तंत्रज्ञ येतो आणि शून्यापासून सुरुवात करतो. गळती कुठे होती, फ्लेअरच्या जोडावर की कॉइलला, ती बंद केली की नुसता गॅस भरला, किती ग्रॅम भरला, सक्शनचा दाब किती होता, त्या वेळी बाहेरचे तापमान किती होते, हे सहा-सात ओळींत नेमके लिहिता येणे ही मोठी विद्या आहे. क्रम लागतो, काय गाळायचे ते कळावे लागते, आणि न पाहिलेल्या माणसाला समजेल अशी भाषा लागते. तोच रिपोर्ट ग्राहकासाठी वेगळ्या शब्दांत लिहायचा. गुण भाषेच्या शिक्षकाने आणि ट्रेडच्या शिक्षकाने मिळून द्यायचे.

याच ट्रेडवरून आणखी एक सांगते. कौशल्याचे तास वाढवा म्हणणाऱ्यांनी या ट्रेडकडे जरूर पाहावे. ज्यांनी आर-22 या एसीतल्या वायूवर हात बसवला, त्यांच्यासमोर काही वर्षांत आर-410ए आला. त्याचा दाब आर-22 च्या जवळजवळ दीडपटीहून जास्त, त्यामुळे जुने गेज आणि जुने होस बाद. मग आर-32 आला, जो सौम्य ज्वलनशील आहे. काही यंत्रांत आर-290 आला, म्हणजे चक्क प्रोपेन. यामागे 1987 चा माँट्रियल करार आहे, ओझोनचा थर आहे, आंतरराष्ट्रीय राजकारण आहे. आर-22 का गेला हे ज्याला कळले, त्याला पुढचे बदल कोणत्या दिशेने येणार याचा अंदाज बांधता येतो. नव्या वायूबरोबर आलेले सुरक्षापत्रक जो स्वतः वाचू शकतो, तो बंद खोलीत प्रोपेनच्या गळतीपाशी ठिणगी पाडत नाही. वर्कशॉपमध्ये आपण आज बाजारात असलेले यंत्र शिकवतो, आणि ते शिकवायलाच हवे. पण विद्यार्थ्याची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची असते. पाठ केलेली प्रक्रिया इतकी वर्षे पुरत नाही. वाचून नवे शिकण्याची सवय मात्र पुरते, आणि ती लावण्याचे काम आपण ज्या तासांवर सोपवले आहे तेच कापायला निघालो आहोत.

आतापर्यंतचे सगळे उपयोगाच्या भाषेत लिहिले, कारण बैठकीत तीच भाषा चालते. पण सामान्य शिक्षणातले सगळेच ट्रेडच्या कामी आले पाहिजे, हा आग्रह मला मान्य नाही. आमच्या मुलामुलींना नेमणूकपत्रावर सही करण्याआधी ते वाचता यावे, ओव्हरटाइमचा हिशेब मागता यावा, सुरक्षेचा पट्टा न देणाऱ्या सुपरवायझरला नियम दाखवता यावा. त्यांना आपल्या शहराचा इतिहास कळावा, कामगारांनी आठ तासांचा दिवस कसा मिळवला ते कळावे. आणि त्यांनी एखादी कथा केवळ आवडली म्हणून वाचावी. कविता वाचण्याचा हक्क बी.ए.च्या मुलांपुरता आहे असे कोणत्या नियमात लिहिले आहे? व्यावसायिक कोर्सला येणारी बरीच मुले गरीब घरांतली असतात, घरात शिकणारी पहिलीच असतात. त्यांनाच कमी पुस्तके, कमी इतिहास, कमी विज्ञान द्यायचे आणि त्याला व्यवहार म्हणायचे, हे मला अन्यायाचे वाटते. कॉलेजच्या वर्गात बसण्याची ही अनेकांची एकमेव संधी असते.

क्रेडिटचा प्रश्न याला जोडूनच येतो. दोन वर्षे ट्रेड केलेल्या मुलीला पुढे पदवी घ्यावीशी वाटली, तर तिचे किती क्रेडिट पुढे जातात? सामान्य विषयांचे क्रेडिट जिथे पातळ केलेले असतात तिथे पदवीचे कॉलेज ते मान्य करत नाही आणि तिला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. अमेरिकेतही उपयोजित असोसिएट पदवीवाल्यांची हीच तक्रार आहे. आपल्याकडे 2021 पासून क्रेडिट बँक आली आहे, पण बँकेत जमा काय करायचे ते तुमच्या हातात आहे. ‘व्यावसायिक गणित’ या नावाखाली जर पाचवीचे गणित पुन्हा शिकवले तर ते कोणीच मोजणार नाही. म्हणून विषय ट्रेडच्या उदाहरणांनी शिकवा, पण त्याची पातळी उतरवू नका. केबलच्या उदाहरणावरून रेषीय फलनापर्यंत जाता येते, आलेख काढता येतो, मर्यादा कुठे ओलांडली जाते ते असमानतेने मांडता येते. मुले जातात तिथपर्यंत. मी नेऊन पाहिले आहे.

उलट दिशेचेही एक मागणे आहे, थोडक्यात. सामान्य शाखेच्या मुलांना एका सेमिस्टरला तरी वर्कशॉपमध्ये उभे करा. फ्यूज का उडतो, नळाचा वॉशर कसा बदलतात, लाकूड रेषेच्या कुठल्या बाजूने कापायचे, हे हाताने केल्याशिवाय कामाची किंमत कळत नाही. वर्कशॉपच्या शिक्षकांना ‘सर’ म्हणताना काही प्राध्यापकांची जीभ अडखळते ते मी पाहिले आहे. त्या प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांनी एकदा वर्कशॉपच्या शिक्षकांकडे शिकावे.

पुढच्या फेररचनेत माझी विनंती एवढीच आहे. व्यावसायिक कोर्समधले सामान्य शिक्षणाचे आजचे क्रेडिट कायम ठेवा. आठवड्याला एक संयुक्त तास दोन्ही शिक्षकांच्या कार्यभारात धरा. भाषा आणि गणिताच्या निदान निम्म्या गुणांची परीक्षा त्या त्या ट्रेडच्या खऱ्या कागदांवर घ्या, म्हणजे रिपोर्ट, कोटेशन, सुरक्षापत्रक, मोजमापाची नोंद. सामान्य विषयांच्या शिक्षकांची नेमणूक निदान वर्षभराची करा, आणि पहिल्या महिन्यात त्यांना वर्कशॉपमध्ये बसू द्या. आणि मसुदा मंजूर करण्याआधी, कोर्स संपवून दोन-तीन वर्षे नोकरी केलेल्या माजी विद्यार्थ्यांना बैठकीला बोलावून विचारा की त्यांना काय कमी पडले. मला वाटते त्यांतले बरेच जण यंत्राचे नाव घेणार नाहीत. मंडळाला हवे असेल तर एका ट्रेडचा असा नमुना अभ्यासक्रम आम्ही काही शिक्षक मिळून लिहून देऊ, चर्चेला यायलाही तयार आहोत.

आपली विश्वासू,
व्यावसायिक अभ्यासक्रमांना गणित व भाषा शिकवणारी एक शिक्षिका